मान शंभराने मोजू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

चैत्र लागला की आपल्या अंकात रोज कुठल्या ना कुठल्या गावच्या यात्रेतल्या कुस्त्यांची बातमी असते. कोणी कोणाला कोणत्या डावावर चितपट केले, इनाम किती होते, पंच कोण होते, सगळे छापून येते. मी ते पान चष्मा पुसून वाचतो. वयाच्या बाराव्या वर्षी तालमीत गेलो आणि आता साठी ओलांडली तरी तासगाव तालुक्यातल्या आमच्या गावच्या तालमीत पोरांची मेहनत बघायला रोज पहाटे जातो. हे पत्र मैदानाच्या आधीच्या महिन्यांबद्दल आहे. मानेच्या मेहनतीत मोज किती धरायची, म्हणजे एका दमात किती वेळा करायचे, एवढाच विषय आहे.

झाले असे. गेल्या महिन्यात पहाटे तालमीत शिरलो तर नववीतला एक मुलगा डोक्याला पट्टा बांधून, त्याला साखळीने पंधरा किलोची प्लेट लोंबकळवून मान वर-खाली करत होता. किती मारतोस म्हणून विचारले. म्हणाला, "सहा-सहाचे पाच सेट. मोबाईलवर दाखवलंय, ताकदीसाठी कमी रेप्स आन् जास्त वजन." रेप्स म्हणजे आवर्तने, आणि न थांबता केलेल्या आवर्तनांचा एक सेट. सहाव्या वेळी त्याची हनुवटी वर येतच नव्हती, तो कंबरेतून हिसका देऊन प्लेट उचलत होता. आणि मातीच्या हौदाच्या दुसऱ्या कडेला त्याचाच चुलतभाऊ पूल घालून, म्हणजे डोके आणि टाचा टेकवून अंगाची कमान करून, मान मागे-पुढे घोळवत मोजत होता, "ब्याऐंशी, त्र्याऐंशी, चौऱ्याऐंशी..." त्याला कोणी मोबाईलवर दाखवलेले नव्हते. त्याला त्याच्या आज्याने सांगितले होते. एकाच हौदाशी, एकाच घरातली दोन पोरे, एक सहावर आणि एक शंभरावर, आणि माझ्या मते दोघेही चुकत होते.

शंभराचे मला चांगले माहीत आहे, म्हणून आधी त्याबद्दल.

१९८५ सालचा पावसाळा. मी विशी-एकविशीचा, अंगात रग होती. पाठीवर पडून, टाचा आणि डोके मातीत रोवून अंग कमानीसारखे उचलायचे आणि छातीवर तालमीतले एक बारके पोर बसवायचे. मग कपाळ, जमले तर नाक, मातीला लागेपर्यंत मागे जायचे आणि परत यायचे. शंभर मारायचे असे वस्तादांनी सांगितलेले नव्हते, मीच ठरवले होते. सत्तरीनंतर केव्हातरी मानेत कट् असा आवाज झाला. दुखले काहीच नाही. म्हणून मी उरलेले पुरे केले.

संध्याकाळी भाकरी मोडताना उजव्या हाताचा अंगठा आणि त्याच्या शेजारचे बोट माझे नाही असे वाटले. रात्री खांद्यापासून मनगटापर्यंत मुंग्या आल्या. वडिलांनी बैलगाडीने तासगावला आणि तिथून एसटीने मिरजेला नेले. तिथल्या डॉक्टरांनी फोटो काढला, मणक्यांचे चित्र पुढे ठेवले आणि पेन्सिलीने पाचव्या-सहाव्या मणक्याच्या मधली जागा दाखवली. तिथून निघणारी शीर अंगठ्याच्या बाजूला जाते. मान मागे वाकवली की शीर बाहेर येते ते भोक अरुंद होते आणि वर भार असला तर ती चेपते. मग त्यांनी मला एक प्रश्न विचारला, तो मी आजतागायत विसरलो नाही. "शंभरच का? साठ का नाही?" मला उत्तर देता आले नाही. चार महिने माती नाही, गळ्याला पट्टा. त्या वर्षीचे कुंडलचे मैदान मी बाहेर बसून बघितले.

तो प्रश्न डोक्यात घेऊन मी पुष्कळ वर्षे वावरलो. शंभर कुठून आले? माझ्या समजुतीप्रमाणे ते जोर-बैठकांतून आले. जोर शंभराने, बैठका पाचशेने आणि हजाराने मोजायची आपली रीत आहे. मांडी, छाती, खांदा हे मोठे स्नायू. ते दमले तर पाय लटपटतात, माणूस खाली बसतो, दुसऱ्या दिवशी जिना चढताना कण्हतो, आणि विषय संपतो. शिवाय बैठकांत दमही कमवायचा असतो, म्हणून तिथे मोठा आकडा शोभतो. तीच मोज आपण विचार न करता मानेवर चढवली. मान म्हणजे बोटभर जाडीचे सात मणके, त्यांवर साडेचार-पाच किलोचे डोके, आणि मणक्यांच्या पोटातून जाणारी सगळ्या अंगाची दोरी. मान दमल्यावर खाली बसत नाही. स्नायू सोडून देतात आणि भार मणक्यांच्या सांध्यांवर आणि मणक्यांमधल्या गादीवर जातो, आणि ते त्या वेळी कळतही नाही. मला कळले नव्हते.

आता सहाचे. त्या मुलाने मोबाईलवर ऐकले ते खोटे नाही. कमी आवर्तने आणि जड वजन याने ताकद वाढते, हे डेडलिफ्टला (जमिनीवरचे वजन उचलणे) आणि स्क्वॉटला (खांद्यावर वजन घेऊन बैठक) खरे आहे आणि मानेच्या स्नायूलाही लागू आहे, स्नायू म्हणून तो काही वेगळा नाही. अडचण दुसरी आहे. सहाव्यालाच दम संपेल इतके वजन लावले की शेवटची दोन आवर्तने हिसक्यानेच होतात. पायाने हिसका दिला तर गुडघा, कंबर, नितंब मिळून तो वाटून घेतात. मानेच्या मागे दुसरे कोणी नाही. आणि पंधरा वर्षांच्या मुलाला, ज्याने आयुष्यात कधी मानेची पद्धतशीर मेहनत केलेली नाही, त्याला आपला सहाचा भार कोणता हे ठरवताच येत नाही. तो शेजारच्याने लावली ती प्लेट लावतो.

मग किती? माझा एक जुना चेला मिरजेत फिजिओथेरपी शिकला. तो दर दिवाळीला येतो, आणि गेली काही वर्षे आम्ही दोघे वहीत लिहून हा हिशेब बसवत आलो आहोत. स्नायू भरायचा असेल तर पाचपासून तीसपर्यंत कुठलीही मोज चालते, फक्त शेवटची आवर्तने खरोखर जड गेली पाहिजेत, असे त्याने मला समजावले. म्हणजे आवाका मोठा आहे, त्यातून आपल्याला सोयीची जागा निवडता येते. मानेसाठी आम्ही पंधरा ते पंचवीस ही जागा निवडली. वजन इतके हलके राहते की हिसका द्यायची गरज पडत नाही, आणि इतकेही हलके नाही की पोरगे गप्पा मारत मोजेल. शंभर होतात ते वजन हलके असते म्हणूनच होतात, आणि पहिले काही आठवडे सोडले तर त्याने ताकद फारशी वाढत नाही, नुसती चिकाटी वाढते. वर ऐंशीच्या पुढे पोराचे लक्ष आकड्यावर असते, मानेवर नसते.

नवीन पोराला पहिला महिना वजन द्यायचेच नाही. बाकावर उताणे झोपून डोके कडेबाहेर ठेवायचे आणि हनुवटी छातीकडे आणायची, मग पालथे, मग दोन्ही कुशींवर. डोक्याचे वजन तेच पुष्कळ. वीसचे दोन सेट, आठवड्यातून तीन दिवस, कधीही लागोपाठ नाहीत. वर जायला दोन सेकंद, खाली यायला दोन सेकंद. पंचवीस सहज झाले की अर्धा किलो चढवायचा आणि पुन्हा पंधरावर यायचे. पंधराचे पंचवीस करायचे, मग आणखी अर्धा किलो. सगळी युक्ती एवढीच आहे. अर्धा किलोची प्लेट आमच्याकडे मिळत नाही, म्हणून आम्ही बेदाण्याच्या जाड पिशव्यांत वाळू भरून, किराणा दुकानाच्या काट्यावर तोलून, तोंड शिवून घेतल्या. तासगावात बेदाण्याच्या पिशव्यांना तोटा नाही. ती पिशवी टॉवेलात गुंडाळून कपाळावर किंवा डोक्याच्या मागे हाताने धरायची. ज्यांच्याकडे बाक नाही त्यांनी सायकलची जुनी ट्यूब खांबाला बांधून डोक्याभोवती घ्यावी, तीही उत्तम चालते.

दोन गोष्टींवर मी हटून बसतो. पहिली, मोजणारा वेगळा पाहिजे. मेहनत करणाऱ्याने मोजायचे नाही, जोडीदाराने मोजायचे, आणि त्याने डोळे मानेवर ठेवायचे. खांदे कानाकडे चढू लागले, हनुवटी थरथरली किंवा श्वास कोंडला की तिथे सेट संपला, मग तो चौदाव्याला असो की बाविसाव्याला. वहीत चौदा लिहायचे. दुसरी, अंगात दोन-तीन आवर्तने शिल्लक ठेवून थांबायचे. बैठकांत पडेपर्यंत मारा, माझे काही म्हणणे नाही. मानेत पडेपर्यंत नाही.

पुलाबद्दल लोक माझ्यावर रागावतात, म्हणून स्पष्ट लिहितो. पूल बंद करा असे मी म्हणत नाही. खालून निसटायला, पाठ लागू न द्यायला पूल लागतोच, मातीत लागतो आणि मॅटवरही लागतो. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ ला हेलसिंकीत कांस्यपदक घेऊन आले आणि आपल्या कवठेपिरानच्या मारुती माने यांनी १९६२ ला जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण आणि रौप्य मिळवले, ती माणसे लोखंडी मानेचीच होती. पण पूल ही आवर्तनात मोजायची गोष्ट नाही, सेकंदात मोजायची आहे. तीन-चार महिने बाकावरची मेहनत झाली की हात जमिनीला टेकून, भार हातांवर ठेवून, दहा सेकंदांचा पूल. मग पंधरा, मग वीस. हात हळूहळू सुटतील. छातीवर पोर बसवणे आमच्या तालमीत बंद आहे आणि मी असेपर्यंत बंदच राहील.

शिवाय पुलाने मानेची मागची बाजूच जास्त तयार होते. पुढची बाजू, म्हणजे हनुवटी आत ओढणारे घशाजवळचे आतले स्नायू आणि कानामागून गळपट्टीच्या हाडापर्यंत येणारा तो दोरीसारखा मोठा स्नायू, उपाशीच राहतात. आमच्या वहीत हे फार स्पष्ट दिसते. पहिल्या दिवशी मागच्या बाजूला वीस सहज मारणारा पोरगा उताणे झोपून बारालाच थरथरतो. म्हणून पुढच्या बाजूला वजन नेहमी कमी आणि मोज जास्त ठेवतो, वीस ते पंचवीस. मागच्या बाजूला पंधरा ते वीस. मान डावी-उजवी वळवण्याच्या ताकदीसाठी वजन नको. गालावर जोडीदाराचा तळहात, मान जागची हलू द्यायची नाही, सहा सेकंद दाब, पाच वेळा.

आमच्या पारावर बसणारे एक वयस्कर पैलवान मला दरवेळी म्हणतात, "आरं, आम्ही पाचशे पाचशे मारल्या, आमाला काय झालं?" त्यांच्याबद्दल मला आदर आहे, त्यांच्याकडून मी ढाक हा डाव शिकलो. पण पारावर बसून हे सांगायला तेच येतात ज्यांना काही झाले नाही. त्यांच्याच जोडीचे एक गृहस्थ आज उजव्या हाताने पाण्याचा तांब्या उचलताना डावा हात खाली धरतात. ते पारावर येत नाहीत. त्यांना मी घरी जाऊन विचारले आहे.

व्यायामशाळेतल्या तरुण प्रशिक्षकांना दुसरी गोष्ट सांगायची आहे. त्यांतले काही म्हणतात, मानेचे वेगळे करायची गरज नाही, डेडलिफ्ट आणि श्रग्जमध्ये (वजन धरून खांदे उचलणे) मान आपोआप होते. माझ्या चेल्याने मला १९९७ सालचा अमेरिकेतला एक अभ्यास वाचून दाखवला. कॉलेजच्या मुलामुलींचे गट करून बारा आठवडे व्यायाम दिला होता. नुसत्या स्क्वॉट-डेडलिफ्टसारख्या व्यायामांनी मानेचे स्नायू वाढले नाहीत. ज्यांनी त्याच्या जोडीला आठवड्यातून तीन दिवस, दहा-दहाचे तीन सेट असा मानेचा वेगळा व्यायाम केला, त्यांच्या मानेच्या स्नायूंचा छेद, म्हणजे जाडी, सुमारे १३ टक्क्यांनी आणि मान मागे नेण्याची ताकद सुमारे ३४ टक्क्यांनी वाढली. तिथे दहाची मोज होती. मग मी पंधरापासून का सुरू करतो? कारण तिथे शिकवणारे शेजारी उभे होते आणि मुले मोठी होती. आमच्याकडे तेरा वर्षांचेही पोर आहे. दोन वर्षे नीट मेहनत केलेल्या, विशी ओलांडलेल्या पैलवानाला मीही दहा-बारावर आणतो, क्वचित आठवर. आठच्या खाली कुणालाही नाही.

दुसरा अभ्यास फिनलंडमधला, २००३ साली प्रसिद्ध झालेला. त्यात पैलवान नव्हते. मान दुखणाऱ्या, कचेरीत काम करणाऱ्या १८० बायका होत्या. एका गटाने रबराच्या पट्ट्याने जोर लावून पंधरा-पंधरा आवर्तने केली, दुसऱ्याने उताणे झोपून नुसते डोके उचलून वीस-वीसचे तीन सेट. वर्षभराने दोन्ही गटांचे दुखणे कमी झाले, पण ताकद रबरवाल्यांची कितीतरी जास्त वाढली. हे वाचून मला फार बरे वाटले. आमची सायकलची ट्यूब आणि आमचा पंधराचा आकडा त्यांच्या जवळपासच होता. आणि हे फक्त पैलवानांपुरते नाही हेही कळले. द्राक्षबागेत दिवसभर मान वर करून विरळणी करणाऱ्या आमच्याच घरच्या बायकांची मान किती दुखते, याकडे मी इतकी वर्षे कधी बघितलेच नव्हते. आता माझी सून आणि तिच्या दोन मैत्रिणी रात्री जेवणे उरकल्यावर ट्यूब घेऊन पंधरा-पंधरा करतात.

मुलींबद्दल मुद्दाम लिहितो. २०२३ साली पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा सांगलीत झाली आणि गदा सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने जिंकली. तेव्हापासून आमच्यासारख्या लहान गावांतही आईबाप मुलींना तालमीत आणून सोडतात. आमच्याकडे आज पाच आहेत. सर्वसाधारणपणे मुलींची मान मुलांपेक्षा बारीक आणि ताकदीने कमी असते, म्हणून त्यांना ही मेहनत जास्त गरजेची आहे. पण काही आया मला येऊन म्हणतात, "मान जाड झाली तर लग्नाला अडचण." मी त्यांना टेप दाखवतो. त्यातल्या एकीची मान चार महिन्यांत एक सेंटिमीटरने वाढली, डोळ्याला कळतसुद्धा नाही, आणि पट काढताना, म्हणजे समोरचीचे पाय धरायला खाली घुसताना, डोके बाजूला ढकलले जायचे ते थांबले. अमेरिकेत शाळकरी खेळाडूंच्या एका मोठ्या पाहणीत, सुमारे ६,७०० मुलामुलींमध्ये, मानेची ताकद एका पौंडाने, म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅमने जास्त असेल तर डोक्याला मार लागून मेंदू हादरण्याची शक्यता ५ टक्क्यांनी कमी दिसली. ते फुटबॉल, बास्केटबॉल आणि लॅक्रॉस (जाळीच्या काठीने चेंडू खेळायचा खेळ) खेळणारे होते, कुस्तीचे नव्हते. तरी अर्ध्या किलोच्या वाळूच्या पिशवीकडे मी तेव्हापासून वेगळ्या नजरेने बघतो.

आणखी थोडे. मानेची मेहनत जोड, म्हणजे सरावाची कुस्ती, लढून झाल्यावर करावी, आधी नाही, कारण दमलेली मान घेऊन हौदात उतरणे वाईट. मैदानाच्या आधी तीन दिवस ती पूर्ण बंद. हातात मुंग्या, वीज गेल्यासारखी कळ, चक्कर, यातले काही आले तर मोज पुरी करायची नाही, डॉक्टरकडे जायचे. आणि मालिश करणाऱ्याकडून मान 'मोडून' घेऊ नका. कट् आवाज आला की बरे वाटते असे पोरे म्हणतात. मला त्या आवाजाची अजून भीती वाटते.

संपादक महाराज, आपल्याकडे एकच मागणे आहे. यात्रांच्या कुस्त्यांचे पान आपण इतक्या हौसेने छापता, पावसाळ्यात मेहनतीचे दिवस सुरू होतात तेव्हाही त्याच पानावर वस्ताद, डॉक्टर आणि फिजिओथेरपी शिकलेली आपल्याच जिल्ह्यातली मुले यांच्याकडून मेहनतीवर लिहून घ्या. तालमीत आपला अंक येतो आणि भिंतीला टाचला जातो. मोबाईलवरचे व्हिडिओ सरकून जातात, भिंतीवरचा कागद महिनाभर राहतो.

त्या नववीतल्या मुलाची पंधरा किलोची प्लेट मी काढून घेतली तेव्हा तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी स्वतःच बाकावर उताणा झोपला. पहिल्या दिवशी नुसत्या डोक्याच्या वजनावर अकराला थरथरला. त्याचा चुलतभाऊ मोजत होता. काल सकाळी अठरा झाले. पंचवीस झाले की पहिली वाळूची पिशवी देणार आहे, ती त्याने आत्ताच निवडून ठेवली आहे.

आपला,
एक जुना पैलवान
ता. तासगाव, जि. सांगली